मामाजींची बेल

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. वडाखालची बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा, बंद खोलीतला आवाज... आणि खाली माझी कॉमेंट ठरलेली — "उंदीर असेल", "भाऊ, एकदा डोळे तपासून घ्या". काही जणांना माझा रागही आलेला आठवत असेल. तर आज त्यांची पाळी आहे, खुशाल हसा. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे. सासरच्या शिस्तीपायी देवाला हात जोडते, पण भूतबित काही नसतं असं तेव्हाही मानत होते आणि आजही मानते. फक्त आमच्या कपाटात एक साबणाची डबी आहे आणि तिचं काय करायचं ते मला कळत नाही.

आम्ही देवळीचे. समोर रस्त्याला लागून कापडाचं दुकान, मागे घर. दुकान माझ्या सासऱ्यांनी उभं केलं. त्यांना मी मामाजी म्हणायची आणि सासूबाईंना आई. दुकान आता माझा नवरा बघतो, मुलगी शिकायला पुण्याला असते.

मामाजींची एक रीत आधी सांगून ठेवते. दुकानात ते कोणालाच नावाने हाक मारत नसत. हातात कापड मोजायचा लोखंडी गज असायचा, तो काउंटरवर आपटायचे. एक ठोका म्हणजे कोणीतरी इकडे या. दोन ठोके म्हणजे चहा. गिऱ्हाइकासमोर नोकराच्या नावाने ओरडणं त्यांना हलकं वाटायचं. आणि संध्याकाळी दुकान आवरायची वेळ झाली की ठोका नाही, काही नाही. गज हळूच काउंटरवर आडवा ठेवायचे, टोपी डोक्यावर घालायचे आणि बाजूच्या दाराने घरात निघून यायचे. नोकर मान वर करून बघत तर गादी रिकामी. माझा नवरा यावरून वैतागायचा.

"बाबा, निघतो म्हणून सांगत तं जा ना!"

"सांगाचं काय त्याच्यात?" मामाजी म्हणायचे. "काम झालं, उठलो."

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा थोडा हलायचा. डोकं मात्र पूर्ण शाबूत होतं आणि हे सगळ्यात वाईट. सगळं कळतंय, बोलता येत नाही. सुरुवातीला आम्ही त्यांच्या हातात स्टीलचा चमचा दिला, पलंगाच्या दांडीवर वाजवायला. पण बोटांत जोर नव्हता, चमचा निसटून खाली पडायचा आणि मग ते छताकडे बघत कोणीतरी यायची वाट बघत राहायचे. आई त्यांच्या पलंगाजवळून हलेनाशा झाल्या. आंघोळीला गेल्या तरी अर्ध्या आंघोळीत बाहेर यायच्या, "मले आवाज आल्यासारखा वाटला" म्हणत.

त्याच सुमारास माझं वेड सुरू झालं होतं. माळा आवरताना मुलीच्या शाळेतल्या प्रोजेक्टचं किट सापडलं — थोडे एलईडी, रेझिस्टर, भोकाभोकांची पांढरी पट्टी. त्या पट्टीला ब्रेडबोर्ड म्हणतात आणि तिच्यात वायरी नुसत्या खोचून सर्किट जुळवता येतं, हे मी कॉलेजात शिकले होते आणि विसरलेही होते. मोबाइलवर व्हिडिओ बघत बसले. पहिला एलईडी मी करंट आवरणारा रेझिस्टर न लावता थेट बॅटरीला जोडला. एकदा लख्ख पेटला आणि मेला. दुसरा लागला आणि मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात भाजी करपली.

मग वर्ध्याला जाऊन सोल्डरिंगची इस्त्री, म्हणजे कथील वितळवून वायरी सांधायची, आणि करंट मोजायचा मल्टिमीटर आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, मोबाइल रिपेअरिंग शिकून राह्यल्या काय?" मी म्हटलं, हो. बस स्टँडवर उभी असताना पिशवीतलं ते सामान मी चारदा काढून बघितलं असेल. पंचेचाळिशीला आलेली बाई आणि खेळणं घेतल्यासारखी हरखली होती.

आईंना तो वास सहन व्हायचा नाही. "घरात लोहाराचं दुकान काऊन मांडलं वं तू?" असं रोज एकदा तरी. पण मामाजींसाठी बेल करते म्हटल्यावर गप्प झाल्या.

साधं बटण चालणार नव्हतं, दाबायलाही जोर लागतो. म्हणून टच स्विच. सर्किट अगदी शिकाऊ माणसाचं आहे. दोन पितळी खिळे शेजारी शेजारी ठोकायचे. दोन्हींवर मिळून बोट टेकवलं की अंगातून जाणवणारही नाही इतका करंट जातो, ट्रान्झिस्टर त्याला मोठा करतो आणि बझर वाजतो. ब्रेडबोर्डवर ते पहिल्या दिवशी वाजलं. माझ्या बोटाने, नवऱ्याच्या बोटाने, सगळ्यांच्या. आता तेच सामान छोट्या बोर्डावर सोल्डर करून साबणाच्या डबीत बसवायचं आणि झाकणावर खिळे लावायचे एवढंच उरलं होतं.

इथे आमच्या घरचा मुहूर्त आडवा आला. दुकानदारांच्या घरात नवीन वस्तू अशीच वापरात येत नाही. गज असो, कात्री असो, साधा कॅल्क्युलेटर असो, मुहूर्तावर हळदकुंकू लागल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. अक्षय तृतीया आली होती आणि आईंनी पंचांग बघून वेळ काढली होती. मी सकाळपासून बसले. डोक्यावर कूलर घोंघावतोय, बाहेर ऊन रणरणतंय, आणि काम संपत आलं असताना लाइन गेली. इस्त्री थंड. आई ताट घेऊन दारात उभ्या.

"आई, लाइन येऊ द्या, थोडं राहिलं असेल."

"राहू दे राह्यलं तं. मुहूर्त टळून राह्यला. एकदा त्यायच्या हातात तं दे, मंग कर तुले काय करायचं ते."

मी वायरी आत कोंबल्या, झाकण लावलं, डबीला चहूबाजूंनी काळी चिकटपट्टी गुंडाळली. खिळ्यांवर बोट ठेवून बघितलं. वाजली नाही. म्हटलं, बघू नंतर. आईंनी ओल्या हळदीची बोटं डबीवर ओढली, कुंकू लावलं आणि ती मामाजींच्या डाव्या हाताखाली ठेवली. त्यांचं बोट थरथरत खिळ्यांवर टेकलं...

आणि वाजली. खणखणीत!

आई रडायलाच लागल्या. मामाजींच्या तोंडाची एक बाजू हसली. त्यांनी बोट उचललं, पुन्हा टेकवलं, पुन्हा. दोनदा. चहा! झटका आल्यापासून त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी चहा करायला धावले तेव्हा माझेही डोळे भरले होते आणि डोक्यात एवढंच होतं की वाजली म्हणजे सगळे सांधे लाइन जायच्या आधीच झाले असणार. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माझी बोटं कोरडी ठक्क पडतात आणि कोरड्या कातडीतून करंट जात नाही, एवढंच.

तेव्हापासून घराला जरा श्वास आला. एकदा वाजली की कोणीतरी जायचं, दोनदा वाजली की चहा. दिवसभरात इतक्यांदा दोनदा वाजायची की मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "मामाजी, आत्ताच झाला ना!" आणि ते मुद्दाम पुन्हा वाजवायचे. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो होतो. त्यांची वाचा गेल्यावर आमच्या गप्पा सुरू झाल्या, असं म्हटलं तरी चालेल. आलेल्या प्रत्येकाला ते बेल वाजवून दाखवायचे आणि बोटाने माझ्याकडे खूण करायचे. हिनं केली. माझ्या डिग्रीचं इतकं कौतुक त्या घरात कोणीच केलं नव्हतं.

दुसऱ्या कोणाच्या बोटाने मात्र ती वाजायची नाही. आंजीहून माझी नणंद आली होती, तिने सगळी बोटं लावून बघितली.

"वहिनी, तुह्यी बेल मालक ओळखते वं!"

"म्हाताऱ्याची वस्तू म्हाताऱ्यावानीच हट्टी," नवरा म्हणाला आणि सगळे हसलो.

मी पण हसले. पावसाळा लागला तेव्हा भांडी घासून ओल्या हातांनी मी एकदा खिळे चाचपले होते. वाजली नव्हती. कोरड्या कातडीची सबब तिथेच संपायला हवी होती. पण चाललेली वस्तू उघडायची, चुकून एखादी वायर तोडायची आणि त्या माणसाला पुन्हा मुकं करायचं... मला ते धाडस झालं नाही. बॅटरी कशी उतरत नाही, हा प्रश्नही पडला होता. त्यालाही मी उत्तर शोधून ठेवलं — वापर किती, वाजते ती क्षणभरच. फिजिक्सवाल्यांना उत्तरं पटकन सापडतात.

थंडीत, तुरीच्या शेंगा घरात यायला लागल्या त्या दिवसांत, मामाजी गेले. दुपारची वेळ. आई अंगणात उन्हाला शेंगा सोलत बसल्या होत्या. बेल झाल्यापासून त्या एवढं तरी उठायला लागल्या होत्या. मी मधलं दार उघडं ठेवून शेजारच्या खोलीत टाकी भरली की वाजणारा अलार्म जोडत होते. चहाची वेळ झाली. बेल वाजली नाही. म्हटलं, झोप लागली असेल. थोड्या वेळाने आपणहूनच चहा केला आणि घेऊन गेले.

ते गेले होते. हात अजून गरम होता. डबी त्या हाताशेजारी पालथी पडली होती, खिळे गादीकडे.

ती पालथी डबी आमच्या घरात जे काही करून गेली, ते त्यांच्या जाण्याने केलं नव्हतं. तेरवी झाली, पाहुणे गेले आणि आईंनी विचारायला सुरुवात केली.

"तुले आवाज नाई आला ना?"

"नाही आई. दार उघडं होतं. वाजली असती तर ऐकू आलीच असती."

"मंग उलटी कशी झाली? त्यायनं हात मारला असन. वाजोत असतीन आणि वाजली नसन." आणि वर, "मशीन हाये, बिघडते. तुह्यी काई चूक नाई बाई."

रोज. सकाळी चहा घेताना, देवासमोर दिवा लावताना, तेच. अंगणात उन्हाला बसणं त्यांनी सोडलं. तुरीच्या शेंगांकडे बघेनात. अर्ध्या भाकरीवर ताट सारायला लागल्या. त्यांनी मला एकदा जरी दोष दिला असता तरी मी भांडले असते. पण "तुह्यी काई चूक नाई" हे रोज ऐकणं... माझ्या हातच्या वस्तूवर विश्वास ठेवून त्या अंगणात गेल्या होत्या आणि तो माणूस माझ्या हातच्या वस्तूवर विसंबून गेला होता. त्याने हाक मारली आणि माझी बेल मुकी राहिली की त्याने हाक मारलीच नाही, एवढंच मला हवं होतं. झोप उडाली होती माझी त्यापायी.

शेवटी एका दुपारी मी डबी टेबलावर घेतली. नवरा जेवायला आला होता, आई समोर बसल्या होत्या. म्हटलं, सगळ्यांसमोरच उघडते. एखादा सांधा सुटलेला दिसला तर सरळ सांगायचं, हो, बिघडली होती. माझीच बेल बिघडली होती.

काळी पट्टी जशीच्या तशी होती. पट्टीवरून डबीवर आलेले आईंच्या हळदीच्या बोटांचे पिवळे ओघळ कुठेही तुटलेले नव्हते, म्हणजे मधल्या काळात ती कोणी उघडली नव्हती. हे मी तेव्हाच बोटाने दाखवलं आणि मग ब्लेडने पट्टी कापली.

आत बॅटरीची लाल वायर बोर्डाला जोडलेलीच नव्हती.

सुटलेली नव्हती, तुटलेली नव्हती. जोडलेलीच नव्हती. तिच्या टोकाला पांढरी कागदी टेप गुंडाळलेली होती. ही सवय माझीच. काम अर्धवट सोडून उठताना उघड्या टोकाला टेप लावायची, कुठे टेकू नये म्हणून. त्या दिवशी लाइन गेली तेव्हा मी सवयीने टेप लावली असणार आणि मुहूर्ताच्या घाईत विसरले असणार. बोर्डावर त्या वायरीच्या जागी भोक होतं. स्वच्छ, कथील न लागलेलं.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिव्याचा प्लगच बोर्डात लावलेला नाही, अशी ही गोष्ट आहे. कमीजास्त नाही, अधूनमधून नाही. ती बेल वाजणं शक्यच नव्हतं. मामाजींच्या नाही, कोणाच्याच बोटाने नाही, त्या अक्षय तृतीयेपासून एकदाही नाही.

मल्टिमीटर लावला. बॅटरी दुकानातून आणली तशीच भरलेली. टेप सोलली, वायर हातानेच त्या भोकावर टेकवून धरली आणि दुसऱ्या हाताची बोटं, माझी कोरडी बोटं, खिळ्यांवर ठेवली. लगेच वाजली. आई दचकून उभ्या राहिल्या. मी वायर सोडली. बंद.

"म्हंजे?" नवरा म्हणाला.

"म्हणजे ही आजपर्यंत वाजलेली नाही."

"येडी झाली काय तू? मी रोज दुकानात बसून आयकत होतो. नोकर आयकत होते."

"मग तुम्हीच सांगा."

त्याने डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली, हळदीचे ओघळ बघितले, खाली ठेवली. ताटातलं तसंच टाकून दुकानात निघून गेला. त्या विषयावर तो आजही बोलत नाही. मी काढला तर टीव्हीचा आवाज वाढवतो.

आई मात्र शांतपणे बघत होत्या. मला भीती होती की त्या कोसळतील. त्यांनी मला पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"हे तार जोडलेलीच नोहती?"

"नाही आई."

"तरी त्यायची वाजत होती."

"...हो."

"त्यायले तार लागतच नोहती मंग." त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. पदर काढला तेव्हा डोळे कोरडे होते. "तार नसताना इतके दिवस वाजली, ते त्याच दिवशी कायले बिघडन? त्यायले बलवायचं असतं तं वाजलीच असती. बलावलंच नाई त्यायनं."

मी ती सुटी लाल वायर बोटात धरून बसले होते.

"दुकान बंद करताना कधी आवाज देत होते काय ते?" आई म्हणाल्या. "ठेवला असन हात बाजूले. झालं काम, उठले."

त्या दिवशी आई पोटभर जेवल्या. आता पुन्हा अंगणात बसतात. माझ्या बेलने केलं नाही ते माझ्या चुकीने केलं, असं म्हणायला हरकत नाही.

मला मात्र ते पचत नाही. आईंना जो दिलासा मिळाला, तोच मला खुपतो. मी शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं, एक बोट टेकवायचं होतं. दिवसभर चहासाठी मला पळवणारा माणूस त्या दुपारी गप्प का राहिला? मला त्यांचा राग येतो. कोणावर रागवायचं हेही ठरवता येत नाही, कारण हा राग खरा मानायचा तर ती बेल वाजत होती हे आधी मान्य करावं लागतं.

सगळ्या शंका मी काढून बघितल्या आहेत. आम्हाला सगळ्यांना मिळून भास झाला? दुकानातल्या नोकरांसकट? दुसरीकडून कुठून आवाज यायचा? घरात दुसरा बझर तेव्हा नव्हताच. कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना फोटो पाठवले. त्यांनी उलट विचारलं की ही वाजते असं तुला कोणी सांगितलं. तेव्हा इथे कोणी इलेक्ट्रॉनिक्सवाले असतील तर कृपया सांगा. "उंदीर असेल" एवढं मात्र लिहू नका, ते माझं मी कधीच लिहून बघितलं आहे.

मागच्या आठवड्यात मी इस्त्री तापत ठेवली आणि ती डबी काढली. एकच सांधा होता, मिनिटाचं काम. अर्धवट राहिलेली वस्तू मला घरात बघवत नाही. वायर भोकात घातली, कथील हातात घेतलं, तेवढ्यात आई आल्या. रोज दुपारी त्या कपाट उघडून त्या खिळ्यांवर बोट ठेवतात, हे मला माहीत आहे. ती वाजत नाही. मग त्या कपाट लावतात आणि अंगणात जातात.

त्यांनी माझ्या हातातली डबी काढून घेतली.

"जोडू नको वं," त्या म्हणाल्या. "जोडली तं मंग कोणाच्याबी बोटानं वाजन."